लाजरीचा गाल

लाजरी हे तिचं खरं नाव नव्हतं आणि लाजणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं. कारखान्यातली पाण्याची टाकी रिकामी असली की मालकिणीच्या पुढ्यात उभी राहून तीच विचारायची, "आज बाटल्या थुंकीनं धुवायच्या का?" पण चेहरा मात्र असा, की जरा ऊन लागलं, साबण बदलला, कुणी अत्तर मारून शेजारून गेलं, की दोन्ही गाल लालबुंद. तिच्या तिखट तोंडावर ती लाली पाहून कुणीतरी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, लाजरी. ते चिकटलं ते चिकटलंच.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड. शेडमध्ये स्टीलची मोठी पातेली आणि ढवळण्याचं यंत्र, पहिल्या खोलीत बाटल्या भरायचं टेबल, दुसरीत माझं लेबलांचं टेबल, आणि त्याला लागून काचेच्या दारामागे बाईंची खुर्ची. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्यांनी नोकरी सोडली होती आणि हा कारखाना काढला होता. आम्ही एकच वस्तू बनवायचो, चेहऱ्याला लावायचं सीरम. रंग नाही, वास नाही, पाण्यापेक्षा जरासं दाट.

बाईंनी नोकरीवर ठेवताना प्रत्येकीला एकच धडा दिला होता. "कोरडी त्वचा वेगळी आणि तहानलेली वेगळी. कोरडीला तेल कमी असतं, तहानलेलीला पाणी. चेहरा तेलकट असूनही आतून तहानलेला असू शकतो. हसलं की ओढतो, धुतला की चरचरतो." मग म्हणायच्या, "पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन काही सोन्याच्या भावानं मिळत नाही. महागड्या बाटलीत निम्मा भाव बाटलीचाच असतो. आपलं सीरम धुणीभांडी करणारीलाही घेता आलं पाहिजे." चेहरा ओला असतानाच दोन थेंब लावायचे आणि वरून साधं क्रीम, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच राहतं, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. माझ्या लेबलावर ते बारीक अक्षरात छापलेलं असायचं.

लाजरी आली ती बाटल्या धुवायला. पहिल्याच दिवशी धुण्याच्या साबणाची वाफ लागून तिचं तोंड असं सुजलं, की आम्हाला वाटलं उद्या काही ही येत नाही. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि अर्धा तास विचारत राहिल्या. कशानं होतं, किती वेळ राहतं, कुठून सुरू होतं. मग नुकत्याच केलेल्या सीरमचा एक थेंब तिच्या डाव्या कानाखाली, जबड्यावर लावला. तीन दिवस काही झालं नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पूर्ण चेहऱ्याला लाव. रोज."

महिन्याभरानं लाजरी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काल तोंड धुतलं आणि विसरून गेले गं."

"काय विसरलीस?"

"तोंड! धुतल्यावर तास-तासभर जळायचं, तेवढा वेळ फक्त त्याचंच भान. काल विसरलेच."

त्या दिवसापासून बाईंनी नियम केला. पातेल्यातला माल तीन दिवस लाजरीच्या जबड्यावर राहील, मगच बाटल्यांत भरला जाईल. वहीत तारीख, बॅचचा नंबर आणि समोर लाजरीच्या हातचा शब्द, 'ठीक' किंवा 'नाही'. सहा वर्षांत तिनं चार वेळा 'नाही' लिहिलं आणि चारही वेळा बाईंनी अख्खं पातेलं ओतून दिलं. लेबलावर ओळ आली, 'संवेदनशील त्वचेवर तपासलेलं'. ती ओळ चिकटवताना मला गंमत वाटायची, कारण ती त्वचा समोर बसून मला शिव्या घालत असायची.

लाजरीला या कामाचा केवढा अभिमान! कुणी नवीन मुलगी आली की ती गाल पुढे करून म्हणायची, "माझ्या गालाला विचारल्याशिवाय इथं पान हलत नाही." जन्मभर ज्या चेहऱ्यापायी तिनं टोमणे खाल्ले, त्याच चेहऱ्याला इथं मान होता.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी एका शाळेत शिकवते, हुशार, आईसारखीच बोलकी. मुलाकडची मंडळी घरी आली तेव्हा लाजरी चुलीशी उभी होती. वाफेनं तोंड तापलेलं, त्यात गडबड आणि धाकधूक. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा गाल नुसते पेटले होते. सगळं छान झालं, बोलणी झाली. निघताना मुलाच्या आईनं जिन्यात तिला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वाईट वाटून घेऊ नका हं, पण हे चेहऱ्याचं... घराण्यात आहे का? पुढे मुलाबाळांना होण्यासारखं?"

लाजरीनं "नाही हो, नुसती उष्णता" असं काहीतरी म्हटलं. मुलगी वरच्या पायरीवर उभी होती. तिनं ऐकलं. घरात आल्यावर ती म्हणाली, "आई, लग्नाच्या दिवशी तरी तोंडाला काहीतरी लाव ना."

एवढंच. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, असं लाजरी मला नंतर दहादा सांगायची. पण दुसऱ्या दिवशी ती कामावरून जाताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं चेहरा पाहिला, काही विचारलं नाही, खणातून एक ट्यूब काढली. "रोज लावा काकू. आठ दिवसांत ओळखू येणार नाही तुम्ही."

त्याचं म्हणणं खरं झालं. आठ दिवसांत लाली गेली, महिन्याभरात चेहरा असा तुकतुकीत झाला की मीच म्हणाले, "काय गं, नवरी तू की लेक?" ती हसली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिला न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा. सहा वर्षं नेमानं लावलं की त्वचा अशी सुधारते." लाजरी तेव्हाही हसली. ट्यूबचं नाव तिनं काढलं नाही. कसं काढणार? बाईंच्या तोंडावर एवढा आनंद होता.

एकदा तिनं ट्यूब बंद करून पाहिली. दुसऱ्या दिवशी चेहरा आधीपेक्षा दुप्पट भडकला. घाबरून तिनं पुन्हा लावली, संध्याकाळपर्यंत सगळं शांत. तेव्हापासून ती ट्यूब सोडायची तिला धास्तीच बसली. चेहरा आणि मान, दिवसातून दोनदा.

त्याच सुमारास आमचा एक माल पुरवणारा धंदा बंद करून गेला. सीरममध्ये पाणी असतं, त्यात बुरशी धरू नये म्हणून एक द्रव अगदी थोडा घालावा लागतो. तो द्रव हाच माणूस द्यायचा. बाईंनी दुसरीकडून मागवला. नवा द्रव जुन्याच्या दुप्पट तेज होता. कॅनवर तसं लिहिलेलंही होतं, पण खालच्या बाजूला आणि बारीक. शेडमधल्या मिक्सिंगवाल्या काकांनी नेहमीचं माप ओतलं. बाईंनी त्या दिवशी घाईत मालासोबत आलेला कागद पाहिला, कॅन पाहिला नाही. कसली फिकीर नव्हती, कारण पुढे लाजरीचा गाल होता.

तीन दिवस थेंब जबड्यावर राहिला. काही झालं नाही. लाजरीनं वहीत 'ठीक' लिहिलं, आम्ही बाटल्या भरल्या, मी लेबलं लावली आणि खोके गेले.

दहा-बारा दिवसांनी फोन यायला लागले. फोन माझ्या टेबलावर असायचा. "लावल्या लावल्या आग होते." "गालाची सालं निघाली." "तुम्ही काही बदललंय का?" मी बाईंना विचारलं. बाई एक क्षणही थांबल्या नाहीत. "लाजरीला चाललंय ना? मग बाटलीत दोष नाही. त्यांनी दुसरं काही नवीन लावलं असेल. साबण, पावडर. विचार त्यांना."

मी तेच पोपटासारखं विचारत गेले. "तुम्ही दुसरं काही वापरता का?" बायका बिचाऱ्या आठवायला लागायच्या, स्वतःलाच दोष द्यायच्या, एक जण तर मला सॉरी म्हणाली. मी फोनच्या वहीत नाव आणि काय म्हणाली ते लिहायचे आणि फोन ठेवायचे. सतरा नावं झाली. या सगळ्यात मीही होते, हे मला लपवायचं नाही.

अठरावी फोन न करता स्वतःच आली. हॉस्पिटलातली नर्स, ड्यूटी संपवून तशीच आलेली. मास्क काढला तेव्हा मी नजर फिरवली. मास्कची कड जिथे टेकते तिथे कातडी लाल होऊन फाटली होती.

"दिवसभर मास्क लावावा लागतो," ती बाईंना म्हणाली. "तीन वर्षं तुमची बाटली माझ्या पर्समध्ये आहे. दुसरं काही लावत नाही, काही बदललेलं नाही. ही नवी बाटली उघडली आणि तिसऱ्या दिवशी हे झालं."

"आमचा प्रत्येक माल तपासूनच जातो," बाई शांतपणे म्हणाल्या.

"हो, लेबलावर वाचलंय. कुणावर तपासता?"

बाईंनी दारातून हाक मारली. लाजरी हात पुसत आली. "हिच्यावर. हिच्याइतकी नाजूक त्वचा तुम्हाला शहरात सापडायची नाही. तोच माल हिनं लावलाय. बघा."

नर्सनं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, लाजरीला हाताला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं आणि हनुवटी वर केली.

"इथली कातडी पातळ झालीय," ती म्हणाली. "या बारीक शिरा दिसतायत. ओठांच्या बाजूला पुरळ आहे. कुठली ट्यूब लावता का तुम्ही?"

"नाही," लाजरी म्हणाली.

"नक्की? मेडिकलमधून आणलेली, गोरं करणारी, कसलीही?"

"बाईंचं सीरम आणि पाणी. बास."

नर्सनं तिची हनुवटी सोडली. बाई म्हणाल्या, "तुम्हाला दुसऱ्या कशानं तरी झालं असणार. मास्क बदललाय का?" नर्सनं पर्समधली बाटली काढून बाईंच्या टेबलावर ठेवली, मास्क पुन्हा चढवला आणि गेली. लाजरी बाटल्यांच्या टेबलाकडे परतली. त्या दिवशी तिनं एकाही मुलीला एक शब्द सुनावला नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. रविवारी दुपारी घरी कुणी नव्हतं. नर्सनं विचारलेलं डोक्यातून जाईना. जिथं ट्यूब कधीच लावली नव्हती अशी जागा तिनं शोधली, कोपराच्या आतली बाजू. तिथं त्या बॅचचे दोन थेंब लावले आणि कपडे वाळत घालायला गेली. बादली रिकामी व्हायच्या आत कोपर चुरचुरायला लागला. तासाभरात रुपयाएवढा लाल डाग, मग त्यावर पुरळ. ती पायरीवर बसून त्या डागाकडे बघत राहिली. लग्नाला तेव्हा आठ दिवस होते.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली. मी पोचले तेव्हा ती बाईंच्या समोर उभी होती आणि काचेचं दार उघडंच होतं.

"हातावर आलं आणि गालावर नाही? असं कसं होईल?" बाई विचारत होत्या.

लाजरीनं पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. बाईंनी उचलून वाचली. रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे समजायला किती वेळ लागणार?

"कधीपासून?"

"तीन महिने होतील."

"म्हणजे ही बॅच तपासली तेव्हा..."

"हो."

"आणि परवा ती नर्स विचारत होती तेव्हा?"

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या चेहऱ्यावर आग होत होती, फक्त ती दिसत नव्हती. या ट्यूबनं दाबून ठेवली होती. आणि मी त्या बाईला खोटं पाडलं. सतरा जणींना खोटं पाडलं."

"लग्न आठवड्यावर आलंय, बाई," लाजरी म्हणाली. "हे सोडलं की तोंड पेटतं. मी करून बघितलंय. वाटलं, लग्न पार पडू दे, मग सांगेन."

"मग आज का सांगितलंस?"

"फोनची वही वाचली. लेबलांच्या टेबलावर पडली होती. एकीच्या पुढं लिहिलंय, सॉरी म्हणाली." मग तिनं विचारलं, "तिनं सॉरी म्हणायचं, बाई?"

बाईंनी त्याच क्षणी शेडमध्ये जाऊन कॅन तपासला. मिक्सिंगवाले काका भिंतीला पाठ लावून उभे होते. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं नाहीत आणि मीही नाही." मग दोन दिवस त्या फोनवरच होत्या. एकेका दुकानाला सांगायचं, हा नंबर परत पाठवा. त्या सतरा जणींना त्यांनी स्वतः फोन केले, मला करू दिले नाहीत. "चूक आमची होती, तुमची नाही," हे वाक्य मी काचेपलीकडून सतरा वेळा ऐकलं. परत आलेले खोके मागच्या शेडमध्ये छपरापर्यंत रचले गेले आणि पुढचा महिना आम्ही काम न करता बसून होतो.

लाजरीला बाईंनी काढलं नाही, ओरडल्याही नाहीत. फक्त त्यांनी तिला 'लाजरी' म्हणणं सोडलं. "अहो, बाटल्यांच्या त्या टोप्या मोजून ठेवा," असं अहोजाहो सुरू झालं. सहा वर्षं 'तू' म्हणणाऱ्या बाईंचं ते 'अहो' तिला जास्त लागलं.

ट्यूब तर तिनं सोमवारपासूनच सोडली होती. बाईंनी मला तिच्यासोबत त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पण नंबर लागेपर्यंत चार दिवस गेले आणि तोवर चेहरा सुजून डोळे अर्धे मिटले होते. डॉक्टर चिडले. "एकदम का बंद केलीत? आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते." मग म्हणाले, "आता साधं पाणी आणि पेट्रोलियम जेली. मी देतो ते औषध. बाकी काही नाही."

"आमचं सीरम?" तिनं विचारलं.

"तेही नाही. सध्या ही कातडी काहीच सहन करणार नाही. वर्षभर लागेल कदाचित. जास्तही."

लग्न तसंच झालं. हॉलमध्ये दिवे, पंखे, माणसांची गर्दी, आणि लाजरी चेहऱ्यावर पदर ओढून मागच्या रांगेत. मुलीनं स्टेजवरून दोनदा हाक मारली, "आई, फोटोला ये ना!" ती "आले, आले" म्हणत जेवणाच्या बाजूला निघून गेली. मुलाची आई तिला शोधत आली, पंख्याखाली खुर्ची ओढून दिली आणि जिन्यातल्या त्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला लागली, पण लाजरीनं तिला पुरं बोलू दिलं नाही. अख्ख्या अल्बममध्ये तिचा एकच फोटो आहे. त्यातही निम्मं तोंड माझ्या खांद्यामागे.

महिन्याभरानं मुलगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "मी तेव्हा बोलले त्याचा राग धरून तू मुद्दाम आली नाहीस ना फोटोला?" लाजरी मला म्हणाली, "मी नाही म्हटलं. पण गं, थोडं मुद्दामच होतं. ते तिला कसं सांगू?" तेवढी अढी त्या दोघींमध्ये अजून आहे. फोन रोज होतो, पण त्या दिवसाचा विषय कुणी काढत नाही.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती मला म्हणाली, "चल माझ्यासोबत." आम्ही हॉस्पिटलात गेलो. नर्स वॉर्डाबाहेर औषधांची गाडी लावत होती. तिचे गाल सुधारत होते, लाजरीचा चेहरा मात्र ओळखू येत नव्हता.

"मी त्या दिवशी खोटं बोलले," लाजरी म्हणाली.

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत बाईंसमोर?"

"काय बोलणार? त्यांचा विश्वास तुमच्यावर होता, माझ्यावर नव्हता." नर्सनं गाडीचा ब्रेक लावला. "माझ्यामुळे वॉर्डातल्या तिघी तुमचं सीरम लावायला लागल्या होत्या. मीच सांगितलं होतं, हे लावा, स्वस्त आहे आणि चांगलं आहे. आता त्या माझं कसलंच ऐकत नाहीत. मला सॉरी म्हणू नका. त्यांना जाऊन सांगा."

लाजरी तिघींच्या घरी गेली. एका आयाबाईनं तिला पाणी दिलं आणि तिच्याच तोंडाकडे बघून हळहळली. दुसरीनं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हटलं. तिसरीनं दारातूनच परत पाठवलं. लाजरी आठवड्यानं पुन्हा गेली, तेव्हाही दार उघडलं नाही. मग तिनं चिठ्ठी लिहून दारात सरकवली. त्यात काय लिहिलं होतं ते तिनं मला दाखवलं नाही.

आता माल बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला जातो. शिवाय बाईंनी वीस जणांची यादी केली आहे, बायका आणि पुरुष दोन्ही. बाई म्हणतात, "एका माणसाच्या गालावर एवढं ओझं टाकणं हीच माझी पहिली चूक." प्रत्येकाला आधी एक फॉर्म भरावा लागतो, त्यात पहिलाच प्रश्न, गेल्या वर्षभरात चेहऱ्याला काय काय लावलं. फॉर्म मीच वाटते.

परवा लाजरीनं माझ्याकडे एक मागितला. तिचा चेहरा आता बराच निवळला आहे. गालांवर शिरांचं जाळं तेवढं राहिलंय, ते जाणार नाही म्हणतात. तिनं फॉर्म टेबलावर ठेवून सावकाश भरला. ट्यूबचं नाव लिहिलं, किती दिवस लावली ते लिहिलं, शेवटची तारीख लिहिली, खाली सही केली आणि स्वतःच बाईंना नेऊन दिला.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. तारखेवर बोट ठेवून मनाशी महिने मोजले.

"अजून सहा महिने जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

त्यांनी फॉर्म फाडला नाही, खणात ठेवला. लाजरी "बरं" म्हणून बाहेर आली आणि टोप्यांची पिशवी उघडून बसली. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "बाई आत्ता मला 'तू' म्हणाल्या का गं?"

मी आठवून पाहिलं. मला नक्की सांगता येईना.